ऑफिस बंद, नेटवर्क चालू: रात्रीच्या ॲक्टिव्हिटीचा छडा कसा लावायचा

सकाळी ऑफिस उघडलं, सहज राउटरचं पेज बघितलं आणि दिसलं की रात्री सव्वादोन वाजता अकाउंट्सच्या टेबलावरच्या पीसीवरनं चार जीबी डेटा बाहेर गेलाय. पीसी तर संध्याकाळीच स्लीपमध्ये टाकलेला, ऑफिसला कुलूप, रात्री कोणीच आलेलं नाही. अशा वेळी पोटात गोळा येतो आणि हात सरळ प्लगकडे जातो.

हात थांबवा. राउटर रीस्टार्ट करू नका, पीसी फॉरमॅट करू नका, अँटीव्हायरसला सगळं साफ कर म्हणून सांगू नका. बऱ्याच छोट्या राउटरचा लॉग, म्हणजे कधी काय झालं त्याची नोंद, फक्त मेमरीत असतो, वीज गेली की तो पुसला जातो, आणि पीसीत आत्ता कुठला प्रोग्राम कोणाशी बोलतोय हेही बंद केल्याबरोबर गेलं. म्हणजे ज्याच्यावरनं काय झालं ते कळणार होतं तेच आपण आपल्या हातानं घालवतो, आणि मग आयुष्यभर "तेव्हा काय झालं असेल" एवढाच प्रश्न उरतो. आमच्या ऑफिसात पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी राउटर रीस्टार्ट केला होता, म्हणून हे इतकं जीव तोडून सांगतेय.

याला एकच अपवाद आहे. डोळ्यांसमोर फायलींची नावं बदलतायत, एक्स्टेन्शन विचित्र झालंय, स्क्रीनवर पैसे मागणारा मेसेज आलाय, तर काहीही विचार न करता त्या मशीनची लॅन केबल काढा आणि वायफाय बंद करा. मशीन चालूच राहू दे, नेटवर्कपासून तोडणं महत्त्वाचं. तोडणं शक्यच नसेल तरच पॉवर बंद करा. शेअर्ड फोल्डर असलेला सर्व्हर किंवा नॅस (नेटवर्कवर फायली साठवायचा डबा) असेल तर त्याचीही केबल काढा, आणि बॅकअपची हार्ड डिस्क लावलेली असेल तर ती आधी.

बाकी सगळ्या केसमध्ये सावकाश जायचं.

आधी परवानगी, मग वही

ऑफिस तुमच्या मालकीचं नसेल तर ज्यांचं आहे त्यांना सांगा की मी अमुक मशीनचे लॉग बघतेय किंवा बघतोय, आणि त्यांचा होकार लेखी घ्या, एक मेल पुरे. कोणाचे मेल, चॅट, फोटो उघडायचे नाहीत. आपल्याला कुठलं मशीन, किती वाजता, कुठे, कुठल्या प्रोग्राममधनं एवढंच शोधायचंय, मजकूर वाचायची गरज जवळपास कधीच पडत नाही. आणि कृपा करून पहिल्या दिवशी कोणाचं नाव घेऊ नका. मशीन रात्री जागं होतं याचा अर्थ त्या खुर्चीवर बसणारा माणूस काहीतरी करत होता असा होत नाही.

मग एक वही घ्या, खरी कागदाची चालेल, उलट तीच बरी. १९८६ साली अमेरिकेत लॉरेन्स बर्कले लॅबमध्ये क्लिफर्ड स्टॉल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला कॉम्प्युटर वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक सापडला, लोकांनी सोडून दिला असता इतका छोटा, पण त्यानं घुसणारा माणूस काय टाइप करतोय ते प्रिंटरवर छापून घेतलं, वेळेसकट वहीत टिपलं आणि त्यातनं जर्मनीत बसलेला हॅकर सापडला. आपल्याला जर्मनीपर्यंत जायचं नाही, पण पद्धत तीच. तारीख, वेळ, काय दिसलं, कुठे दिसलं, मी काय केलं. "काय केलं" हा रकाना सोडू नका, कारण तुम्ही स्वतः केलेल्या लॉगिनचीही नोंद लॉगमध्ये पडते आणि चार दिवसांनी तीच बघून तुम्ही दचकता. राउटरच्या पेजचा स्क्रीनशॉट किंवा मोबाइलवर फोटो आत्ताच काढून ठेवा.

घड्याळं जुळवा

ही पायरी लोक उडी मारून पुढे जातात आणि नंतर दोन दिवस चुकीच्या गोष्टीमागे पळतात. राउटरचं घड्याळ बरोबर आहे का बघा. अनेक राउटरना वीज गेल्यावर वेळ आठवत नाही, ते १ जानेवारी १९७० पासून सुरू होतात आणि इंटरनेटवरनं वेळ मिळाली की उडी मारतात. काही यंत्रं लॉग युटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहितात, म्हणजे तुमच्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा काही तास मागे नाहीतर पुढे, आणि मग दिवसाढवळ्या भरगच्च ऑफिसात झालेलं काम लॉगमध्ये पहाटेचं वाटतं. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याचं, घड्याळ तर हमखास पाच-दहा मिनिटं पुढे-मागे असतं. राउटर, डीव्हीआर, पीसी, हजेरीचं मशीन, प्रत्येकावर आत्ता किती वाजलेत आणि तुमच्या मोबाइलवर किती वाजलेत हे शेजारी शेजारी लिहा. घड्याळ लगेच दुरुस्त करू नका, आधी फरक लिहा, मग दुरुस्त करा, नाहीतर जुन्या नोंदींचा हिशेब लागत नाही.

कोण कोण जोडलेलंय

राउटरमध्ये डीएचसीपी क्लायंट लिस्ट किंवा कनेक्टेड डिव्हायसेस असं पान असतं. त्यात प्रत्येकाचा आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा पत्ता), मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर) आणि कधीकधी नाव दिसतं. ही यादी अख्खी वहीत उतरवा आणि ऑफिसभर फिरून प्रत्येक नावासमोर खरी वस्तू लिहा: हा रिसेप्शनचा पीसी, हा प्रिंटर, हा मीटिंग रूमचा टीव्ही. अकरा माणसांच्या ऑफिसात साधारण अकरा पीसी धरून बसलं आणि यादी तीसच्या वर गेली असं हमखास होतं, कारण मोबाइल, कॅमेरे, टीव्ही, वायफायवरचे बल्ब, यूपीएस, सगळेच त्यात असतात. ज्यांना फिक्स आयपी दिलाय ती यंत्रं काही राउटरच्या यादीत येत नाहीत, त्यासाठी पीसीवर एनमॅप हे नेटवर्क स्कॅन करायचं सॉफ्टवेअर किंवा मोबाइलवरचं एखादं नेटवर्क स्कॅनर ॲप चालवा. हे स्कॅन फक्त आपल्या, परवानगी असलेल्या नेटवर्कवर.

मॅक ॲड्रेसचे पहिले सहा आकडे-अक्षरं बनवणाऱ्या कंपनीचे असतात, ऑनलाइन शोधून कंपनी कळते. पण मोबाइलच्या बाबतीत हे फसवं आहे, अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक दाखवतात, हेतू चांगला आहे, प्रायव्हसीचा. ओळखायची खूण म्हणजे मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. असा अनोळखी मॅक दिसला तर पहिला संशय कोणाच्या तरी फोनवर घ्या. रात्री ऑफिसात कोणी नसताना तो जोडलेला असेल तर मग प्रश्न आहे, एक तर कोणी फोन ड्रॉवरमध्ये विसरलंय, किंवा शेजारच्या कोणाकडे आपला वायफाय पासवर्ड आहे.

एक गोष्ट नवीन लोकांना फार घाबरवते. रात्री नेटवर्कच्या स्विचचे, म्हणजे सगळ्या लॅन केबल जिथे लागतात त्या डब्याचे, दिवे लुकलुकताना दिसले म्हणून कोणी डेटा चोरतंय असं नाही. नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांना सतत "तू आहेस का, तुझा पत्ता काय" असं विचारत असतात, त्यानंही दिवे लुकलुकतात. दिव्यांवरनं काही ठरवू नका, आकडे बघा.

नेहमीची रात्र कशी असते

संशयास्पद रात्र ओळखायची तर साधी रात्र माहीत पाहिजे, आणि बहुतेकांनी ती कधी बघितलेलीच नसते. रात्री खूप काही आपोआप चालतं. विंडोजचं ऑटोमॅटिक मेंटेनन्स मुळात पहाटे २ वाजताचं लावलेलं असतं, आणि त्याला मशीन झोपेतनं उठवायची परवानगी असू शकते. अपडेट उतरतात, आणि डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू असेल तर तुमचा पीसी ते अपडेट दुसऱ्या पीसींना वाटतोही, म्हणजे अपलोड दिसतो, पोर्ट ७६८० वर (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरच्या दाराचा नंबर). वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स राहिलेलं सिंक पूर्ण करतात, अँटीव्हायरस फुल स्कॅन करतं, बॅकअप तर मुद्दाम रात्रीचाच लावलेला असतो. ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर पॉवर नॅप नावाची सोय आहे, मशीन झाकण बंद असतानाही मेल आणि बॅकअप करतं. प्रिंटर नवीन फर्मवेअर आहे का विचारतो, डीव्हीआर मोबाइल ॲपसाठी कंपनीच्या सर्व्हरला धरून बसलेला असतो.

म्हणून तीन-चार रात्रींचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. रोज एकाच वेळी, एकाच यंत्राकडनं, एकाच ठिकाणी, साधारण तेवढाच डेटा जात असेल तर बहुतेक वेळा ते शेड्यूल लावलेलं काम निघतं. पण त्यावर शिक्का मारायची घाई नको, घुसलेला प्रोग्रामही आपल्या मालकाला ठराविक वेळानं हाक मारत असतो. फरक कळतो तो पुढच्या पायरीत, प्रोग्रामचं नाव कळल्यावर.

त्या एका मशीनवर

आता विंडोज पीसी धरू, कारण छोट्या ऑफिसात तेच जास्त. पहिलं काम, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधलंच लॉग बघायचं साधन) उघडा आणि सिक्युरिटी आणि सिस्टिम हे दोन लॉग फाइल म्हणून पेन ड्राइव्हवर सेव्ह करा. सिक्युरिटी लॉगची जागा मुळात २० एमबीच असते, भरली की जुनं पुसून नवं लिहितो, गडबडीच्या मशीनवर मागच्या आठवड्याचं काहीच राहत नाही. वाचायचं नंतर, आधी सेव्ह.

मशीन उठलं कशानं ते बघा. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक दिलं तर शेवटचं कारण कळतं, आणि स्लॅश वेकटायमर्स दिलं तर पुढे कोण उठवणार आहे ते. सकाळी कोणी माउस हलवून मशीन उठवलं असेल तर शेवटचं कारण तेच दाखवेल, त्यामुळे रात्रीचं बघायला सिस्टिम लॉगमध्ये पॉवर ट्रबलशूटर या नावाची, १ नंबरची नोंद शोधा. त्यात झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि उठवणारा असं सगळं लिहिलेलं असतं. उठवणारा टायमर असेल तर शेड्यूल, नेटवर्क कार्ड असेल तर बाहेरनं किंवा दुसऱ्या मशीनवरनं कोणीतरी हाक मारलीय, कीबोर्ड-माउस किंवा पॉवर बटण असेल तर बहुधा कोणीतरी प्रत्यक्ष हात लावलाय, आणि मग डीव्हीआरचं रेकॉर्डिंग बघायचं, घड्याळाचा फरक धरून.

मग लॉगिन. सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन. हा नंबर शेकड्यांनी दिसेल, घाबरू नका, प्रत्येकात लॉगॉन टाइप बघा. ५ म्हणजे विंडोजची स्वतःची सर्व्हिस, सोडून द्या. २ म्हणजे समोर बसून, ७ म्हणजे स्क्रीन अनलॉक, ३ म्हणजे नेटवर्कवरनं, बहुतेक शेअर्ड फोल्डर किंवा प्रिंटर, आणि १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप, लांबनं स्क्रीन उघडून मशीन वापरणं. रात्री अडीचला १० दिसला आणि तो कोणीच केलेला नसेल तर ही गंभीर गोष्ट आहे. रिमोट डेस्कटॉपचा वेगळा लॉगही असतो, लोकल सेशन मॅनेजर नावाचा, त्यात २१ म्हणजे नवीन सेशन आणि २५ म्हणजे पुन्हा जोडलं, सोबत कुठल्या आयपीवरनं तेही. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन, त्याची नोंद चालू असेल आणि रात्रभर वेगवेगळ्या नावांनी रांग लागलेली दिसली तर कोणीतरी पासवर्ड चाचपतंय. शिवाय तीन नंबर लक्षात ठेवा: ४७२० नवीन युजर बनवला, ७०४५ नवीन सर्व्हिस बसवली (हा सिस्टिम लॉगमध्ये), ११०२ सिक्युरिटी लॉग पुसला. शेवटचा तर साध्या कामात कधी लागतच नाही, तो दिसला तर मी लगेच केबल काढेन.

डेटा कोणी पाठवला ते बघायला सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली डेटा युसेज आहे, तिथे गेल्या ३० दिवसांत कुठल्या ॲपनं किती डेटा वापरला ते दिसतं. वेळ दिसत नाही पण चार जीबीचा धनी बहुतेक सापडतो. ॲक्टिव्हिटी अजून चालू असेल तर नेटस्टॅट स्पेस डॅश एएनओ ही कमांड कुठलं कनेक्शन कुठल्या प्रोसेस नंबरचं ते सांगते, किंवा मायक्रोसॉफ्टचंच टीसीपीव्ह्यू घ्या, नावासकट दिसतं. आपोआप काय काय सुरू होतं त्याची यादी मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स देतं. प्रोग्रामचं नाव ओळखीचं असलं तरी तो कुठल्या फोल्डरमधनं चालतोय ते बघाच, विंडोजच्या प्रोग्रामचं नाव लावून टेम्प फोल्डरमध्ये बसलेला म्हणजे बहुधा भलतं काहीतरी.

पलीकडचा आयपी कोणाचा आहे ते शोधता येतं, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल यांचा पत्ता निघाला म्हणून सुटलो असं नाही, तिथे कोणीही सर्व्हर भाड्यानं घेतो, चोरही घेतो. आणि लांबच्या देशाचा निघाला म्हणून हॅकर असंही नाही.

आमच्याकडे काय निघालं

त्या चार जीबीचं सांगते. उठवणारा टायमर होता, २ वाजताचं मेंटेनन्स. मशीन जागं झाल्यावर क्लाउड ड्राइव्हचं संध्याकाळी अर्धवट राहिलेलं सिंक सुरू झालं आणि कोणीतरी त्या फोल्डरमध्ये ठेवलेला ट्रेनिंगचा मोठा व्हिडिओ वर गेला. सगळं निरुपद्रवी. पण ऑटोरन्सची यादी बघताना एक रिमोट सपोर्टचं सॉफ्टवेअर दिसलं, मशीन सुरू झालं की आपोआप सुरू होणारं, कायमचा पासवर्ड लावलेलं. आठ महिन्यांपूर्वी एका व्हेंडरच्या माणसानं बिलिंगचा प्रॉब्लेम सोडवायला टाकलं होतं आणि तसंच राहिलं, पासवर्ड कोणाकोणाला माहीत होता ते व्हेंडरला विचारूनही नीट कळलं नाही. त्याच्या लॉगमध्ये रात्रीचं कनेक्शन एकही नव्हतं, हे बघून किती हलकं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही.

म्हणून प्रत्येक मशीनवर एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा तसलं काही आहे का ते शोधाच. ही सॉफ्टवेअर चांगली आहेत, अँटीव्हायरस त्यांना सहसा काही म्हणत नाही, आणि म्हणूनच घुसणाऱ्यांनाही ती आवडतात. त्यांचा स्वतःचा कनेक्शन लॉग असतो, कोण, कधी, किती वेळ. ऑफिसातल्या कोणी घरनं काम करायला टाकलं असेल तर ओरडू नका, विचारा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही.

पीसी नसलेली यंत्रं

कॅमेरा, डीव्हीआर, हजेरीचं मशीन यांच्यात आत शिरून लॉग बघणं अवघड, इथे राउटरवरनंच काम भागवायचं. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी ही दोन पानं उघडा. यूपीएनपी चालू असेल तर यंत्रं स्वतःच बाहेरच्या जगासाठी दार उघडून घेतात, तुम्हाला न विचारता. ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट बाहेर उघडं दिसलं तर आजच बंद करा, लांबनं काम करायचं असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित बोगदा) लावा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले होते, कुठलंही हुशारीचं तंत्र न वापरता, फक्त कारखान्यातनं आलेले पासवर्ड टाकून बघून. ते फक्त मेमरीत राहायचं, रीस्टार्ट केलं की जायचं, आणि पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात परत यायचं. कॅमेऱ्यानं रात्री अनोळखी शेकडो पत्त्यांशी बोलणं, तेही पोर्ट २३ वर, हे त्याच जातीचं लक्षण. राउटरमधले डीएनएस सर्व्हर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरनं पत्ता सांगणारे सर्व्हर, कोणी बदललेत का तेही त्याच बैठकीत बघून घ्या.

आणि उलटंही लक्षात असू द्या, जे रात्री चालायला हवं ते बंद पडलं तरी ती ॲक्टिव्हिटीच आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेत, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेत, आधीच शिरलेल्या चोरांनी ४ तारखेच्या रात्री पैसे पाठवायचे आदेश सोडले, पुढे शुक्रवार-शनिवारची सुट्टी, आणि व्यवहार आपोआप छापणारा प्रिंटर बंद पडला. कर्मचाऱ्यांना वाटलं प्रिंटर नेहमीसारखाच बिघडलाय. तोवर ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला गेले होते. रात्रीचा बॅकअप चुकला, अँटीव्हायरस बंद दिसला, लॉग मधेच तुटला, तर कारण शोधल्याशिवाय "होतं कधीकधी" म्हणू नका.

खरंच काही निघालं तर

मशीन नेटवर्कवरनं काढा, पण चालू ठेवा. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरनं पासवर्ड बदला, आधी मेल आणि बँक, मग राउटर, मग बाकीचे, आणि सगळीकडे टू-फॅक्टर. मेलमध्ये कोणी गुपचूप फॉरवर्डिंगचा नियम लावलाय का बघा, पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. बॅकअप उघडून तपासा, पण त्या मशीनला जोडून नाही. पैसे किंवा ग्राहकांची माहिती गेली असण्याची शक्यता असेल तर स्वतः खोदत बसू नका, जाणकार माणूस बोलवा, बँकेला आणि सायबर पोलिसांना कळवा, वही आणि पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात द्या. नंतर ते मशीन साफ करण्यापेक्षा विंडोज कोरं टाकलेलं बरं, माझं तरी ठाम मत आहे.

काहीच नाही निघालं तरी त्याच आठवड्यात एवढं करून टाका: राउटरचा लॉग एखाद्या पीसीवर किंवा नॅसवर पाठवायची सोय असेल तर चालू करा, सिक्युरिटी लॉगची जागा वाढवा, कॅमेरे आणि पाहुण्यांचे फोन वेगळ्या वायफायवर टाका, आणि उगाच रात्री उठणाऱ्या मशीनचा मेंटेनन्सचा टायमर काढा. मग शुक्रवारी संध्याकाळी यादी आणि आकडे उतरवून ठेवा आणि सोमवारी सकाळी, कोणी मशीन सुरू करायच्या आत, परत बघा. घुसणारे बऱ्याचदा सुट्टी बघून येतात, त्यामुळे शनिवार-रविवारचे आकडे आधी वाचायचे.